आठ अक्षरांपुरतं नाव

जालना, १९ जानेवारी २०२५

दादा,

मुलाखतीच्या खिडकीपाशी तू आलाच न्हाईस. शिपाई आत जाऊन आला आन खाली बघत म्हणाला, "ते म्हणतात, मला बहीण न्हाई." मी थोडा वेळ बाकावर बसले आन परत आले. बोलायचं नसेल तर मी लिहिते. पत्र तू फाडशील. फाडायच्या आधी एखादी ओळ तरी वाचशील.

माझ्या जबाबाचा तुला राग आहे. त्यात काय होतं ते वकिलाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐक. आपल्या करणची राख सावडून आपण घरी आलो. तू गाडी काढलीस. तुझं तोंड पाहून मी मागं बसले. जालन्यात मस्तगडला धर्मराजकाकांच्या भारतच्या खोलीचं दार उघडं होतं आन तो खाटेवर बसलेला होता. तू त्याच्याशी एक शब्द बोलला न्हाईस. दारामागचा गज उचललास. पहिला फटका जबड्यावर बसला, तो आवाज मला अजून ऐकू येतो. दुसरा डोळ्यावर. मी तुझ्या कमरेला मिठी मारली तर तू मला भिंतीवर आपटलंस. त्याची आई, उषाबाई, त्याच्या अंगावर येऊन पडली, तर तिसरा तिच्या पाठीत गेला. भारतनं हात वर केले न्हाईत. त्याच्या दोन्ही हातांना पट्ट्या होत्या. शेजाऱ्यांनी तुला खाली पाडलं तवा तू हसत होतास, दादा.

हसण्याचं मी पोलिसांना सांगितलं न्हाई. बाकी सगळं सांगितलं.

तुला पोलिसांनी नेल्यावर भारतचे लोक आपल्या केदारखेड्याला आल्ते, भर दुपारी. मेंढरं चरायला गेल्ती, कोकरं तेवढी वाडग्यात होती. त्यांनी वाडग्याच्या काट्यांना आग लावली. आबा पळत गेले तर कचरूनं, भारतच्या चुलतभावानं, त्यांना कुऱ्हाडीच्या दांड्यानं आडवं केलं. कोकरं ओरडत होती आन मायला दोन बायांनी धरून ठेवलं होतं. दिवस मावळायला मेंढ्या परत आल्या आन जळलेल्या जागेभोवती हुंगत फिरत राह्यल्या. त्यांच्या सडांतून दूध गळत होतं. आबांच्या कपाळाला टाके पडले. मी म्हणलं, चला पोलिसांत, तर म्हणाले, "कशाला? आपल्या पोरानं त्यांचा डोळा काढलाय."

तुझं म्हणणं एकच आहे, भारतनं करणला मुद्दाम मारलं. माझं पण तेच आहे. दिवाळी झाल्यावर आपली मेंढरं धर्मराजकाकांच्या हरभऱ्यात शिरली, त्यांच्या भारतनं आबांना काठी मारली, करणनं दगडानं भारतचं डोकं फोडलं. दोघं एकाच लोखंडाच्या मिलमध्ये, सळया कापायच्या एकाच कातरीवर कामाला. मंग थोड्याच दिवसांत कातर करणच्या खांद्यावर पडते आन बटणापाशी भारत असतो. सगळ्या गावानं जे ठरवलं तेच मी ठरवलं.

कातर कॉम्प्युटरवर चालते. मी पुण्याला रोज हेच काम करते, दुसऱ्याचा लिहिलेला प्रोग्राम उघडून तो काय करतो ते पाहायचं. मी बिनपगारी रजा टाकली आहे. त्या कातरीच्या प्रोग्रामातून मी काढून दाखवीन की कोणी बटण दाबल्याशिवाय ती पडतच न्हाई. तेवढं निघालं तर कोर्टाला तुझा राग कळेल.

मोनी


जालना, ९ फेब्रुवारी २०२५

दादा,

पहिलं पत्र परत आलं न्हाई, म्हणजे तुझ्यापर्यंत पोचलं असं धरते.

अण्णासाहेबांच्या मिलमध्ये मी आधी कधी गेल्ते न्हाई. करण घरी येऊन सांगायचा ते निम्मं पण न्हाई. भट्टीतून लाल सळई निघते आन रुळांमधून पळत कातरीकडं येते. मी होते त्या दिवशी दुसऱ्या लाईनीवर एक सळई रुळांतून सुटली. छपराच्या पत्र्यापर्यंत उसळली आन खाली येताना एका बिहारी कामगाराच्या पोटरीवरून गेली. मांस जळल्याचा वास आला. त्याला उचलून बाजूला ठेवलं, सळईचे तुकडे ओढून काढले, आन लाईन परत चालू झाली. मी उलटी केली. मुकादम म्हणाला, "ताई, बाहेर बसा."

करणवाल्या लाईनीला सील आहे. कातरीच्या केबिनमधला कॉम्प्युटर तुझ्या-माझ्या लहानपणचा आहे, काळा पडदा, त्यावर पांढरी अक्षरं. डॉस म्हणतात त्याला. तिथं माऊस न्हाई, इंटरनेट न्हाई, एका वेळी एकच काम करतो. पण कातर बराबर त्याच्याच हुकमानं पडते.

हा प्रोग्राम ज्यांनी लिहिला ते सोमेश्वर सर पुण्यात राहतात. हात थरथरतात, पण डोकं साफ आहे. त्यांनी सगळं लिहिलं होतं युनिक्स नावाच्या वेगळ्या पद्धतीच्या मशीनवर आन तिथंच बांधून तयार प्रोग्राम तेवढा मिलला दिल्ता. बांधणं म्हणजे काय ते सांगते. माणसानं लिहिलेलं मशीनला थेट कळत न्हाई. अनेक तुकडे असतात, प्रत्येकाचं भाषांतर करायचं आन सगळे जोडून एक करायचं. कोणता तुकडा आधी, कोणता मंग, कोणता बदलला न्हाई म्हणून तसाच ठेवायचा, हे 'मेक' नावाचा एक प्रोग्राम ठरवतो. सोबतीला अजून दोन-चार छोटी हत्यारं असतात. ही सगळी युनिक्सवरची. डॉसवर यातलं काहीच न्हाई.

गेल्या उन्हाळ्यात मिलच्या कॉम्प्युटरची डिस्क जळाली. तयार प्रोग्राम गेला. सरांनी लिहिलेल्या मूळ फाईली मिलकडं होत्या. अण्णासाहेबांनी सरांना विचारलं न्हाई, कोणातरी फिरत्या माणसाला बोलावलं. त्यानं त्या फाईली डॉसवर उतरवल्या, मेक-बिक काही नसताना हातानं एकेक तुकडा जोडला, कातर चालू करून दिली आन गेला. करण मेला तो त्या माणसानं जोडलेल्या प्रोग्रामवर.

कारखाने निरीक्षक मॅडमनी सरांना तज्ज्ञ म्हणून नेमलं आहे. मिलच्या आन आपल्या, दोन्ही वकिलांसमोर सर तोच प्रोग्राम मूळ फाईलींवरून परत बांधणार आन कातर चालवून दाखवणार. मिलच्या वकिलानं अट घातली की बाहेर बांधलेलं काही मानणार न्हाई, त्याच मशीनवर, सगळ्यांसमोर बांधा. सर मला म्हणाले, "मग मेक डॉसवर न्यावा लागेल. माझ्या हातून ते आता होणार नाही. तू करशील?"

मी हो म्हणलं. मी मेलेल्याची बहीण आहे हे त्यांना माहीत आहे. आत असलेल्याची पण आहे, हे मी सांगितलं तवा ते म्हणाले, "मग कोड माझ्यासमोर ठेवत जा, रोज."

मस्तगडच्या भंगारवाल्याकडून तसलाच एक जुना कॉम्प्युटर आणला आहे. त्यावर आधी घरी सगळं जमवायचं.

मोनी


जालना, २ मार्च २०२५

दादा,

वकीलसाहेब म्हणाले, तू आत एकाचं डोकं भिंतीवर आपटलंस. त्यानं करणला शिवी दिल्ती म्हणे. आता तुझी बराक बदलली. जामिनाचं नाव काढू नका, असं ते म्हणाले.

मी पण मारलं एकाला. तुला सांगायला पाहिजे.

एमआयडीसीतून सकाळी अकराच्या सुमाराला मी पायी येत होते. लाईन बंद असल्यानं कातरीवरच्या कामगारांची मजुरी थांबली आहे आन सगळे मलाच बोल लावून राह्यलेत. कचरू मोटारसायकलवर आडवा आला. त्याच्या हातात सायकलची साखळी होती.

"तुझ्या भावानं आमचा माणूस आंधळा केला, आन तू आता आमचं पोट मारायलीस?"

मी म्हणलं, "बाजूला हो."

त्यानं साखळी फिरवली. माझ्या दंडावर बसली, कातडं उघडं पडलं. दुसऱ्यांदा फिरवली तवा मी ती हातातच धरली आन ओढली. तो गाडीसकट पडला, पाय गाडीखाली. रस्त्याच्या कडेला दगड होता. मी उचलला आन त्याच्या गुडघ्यावर मारला. तो ओरडला. मी परत मारला. तिसऱ्यांदा मी तोंडावर मारणार होते, दादा. माझा हात वर गेला होता. एका ट्रकवाल्यानं मागून मला उचललं.

घरी येऊन दंड धुतला तवा मला कळलं की मला बरं वाटून राह्यलंय. करण गेल्यापासून पहिल्यांदा छाती मोकळी झाली होती. मस्तगडला तू का हसत होतास ते मला त्या दिवशी समजलं. समजलं आन भीती वाटली.

कामाचं सांगते. डॉस एका वेळी एकच प्रोग्राम चालवतो. मेकचं तर कामच असं की आपण जागं राहून दुसऱ्यांना कामाला लावायचं. मंग काय करावं लागतं, मेकनं स्वतःला उचलून डिस्कवर ठेवायचं, जागा मोकळी करायची, दुसऱ्याला चालू द्यायचं, ते संपलं की परत येऊन जिथं थांबलो तिथून पुढं. हे जमायला मला फार दिवस लागले. परत येताना तो मधेच मरायचा आन सगळा कॉम्प्युटर गपकन थांबायचा. दुसरं, युनिक्समधली तिरपी रेघ इकडं उलटी लागते. तिसरं, डॉसला एका दमात लांब हुकूम दिला की शेपूट तोडतो आन सांगत पण न्हाई. सगळे तुकडे जोडायचा हुकूम लांबलचक असतो, म्हणून ती यादी एका फाईलीत लिहून त्या फाईलीकडं बोट दाखवायचं.

रोज सरांना फोन लावते. ते प्रत्येक ओळ वाचून घेतात. माय शेजारी बसलेली असते, तिला एक अक्षर कळत न्हाई, पण मेक परत आला की तिला माझ्या तोंडावरून कळतं.

उद्या फाईली उतरवायला घेते.

मोनी


जालना, ९ मार्च २०२५

दादा,

हे पत्र बसून वाच.

डॉसमध्ये फाईलीचं नाव आठ अक्षरांपुरतंच असतं. युनिक्सवर कितीही लांब चालतं. उतरवताना डॉस पहिली आठ ठेवतो, बाकीची टाकून देतो. म्हणून मी उतरवायचं हत्यार असं केलं की दोन नावं कापल्यावर एकसारखी झाली तर त्यानं तिथंच थांबावं. ते थांबलं.

सरांच्या फाईलींत दोन नावं आहेत, इंग्रजी अक्षरांत लिहिलेली. एक 'दरवाजा_जुना', एक 'दरवाजा_नवा'. दरवाजा आन त्यापुढची रेघ मिळून इंग्रजीत आठ अक्षरं होतात. तिथून पुढं डॉसला दिसत न्हाई. दोन्ही नावं एकच.

सरांना फोन केला. त्यांनी दोन्ही नावं मला परत वाचायला लावली. मंग सांगितलं. कातरीला जाळीचा दरवाजा आहे. अडकलेला तुकडा काढायला आत जायचं तर तो उघडायचा. जुन्या फाईलीत प्रोग्राम फक्त पाळी सुरू होताना दरवाजा पाहायचा. दुसऱ्या एका मिलमध्ये त्यावरून एकाची बोटं गेली, म्हणून सरांनी नवी लिहिली, दर कापाच्या आधी दरवाजा पाहणारी. उघडा असेल तर पातं जागचं हलायचं न्हाई, कोणी काही दाबलं तरी. जुनी फाईल त्यांनी आठवण म्हणून ठेवून दिल्ती.

वकीलसाहेबांकडं मिलच्या डिस्कची नक्कल आहे. मी उघडली. तिथं एकच दरवाजा आहे. आत जुनी फाईल आहे. त्या फिरत्या माणसानं आधी नवी उतरवली, मंग जुनी, जुनी नवीच्या अंगावर पडली आन नवी पुसली गेली. त्याला कळलं पण नसेल. गेल्या उन्हाळ्यापासून त्या कातरीला दरवाजा उघडा का बंद ते ठाऊकच न्हाई. सळईची धग तिच्या डोळ्याला, म्हणजे सेन्सरला, लागली की ती पडते. बटण लागत न्हाई. माणूस लागत न्हाई.

भारतनं काही केलं न्हाई, दादा.

मी हे परत परत तपासलं. तू निर्दोष माणसाला मारलंस हे खोटं निघावं म्हणून तपासलं. ते खोटं निघत न्हाई.

वकीलसाहेबांना सांगितलं तर त्यांनी दार लावून घेतलं. म्हणाले, "आपला सगळा बचाव भारतवर उभा आहे. तुम्ही म्हणा, ती हत्यारं डॉसवर उतरली नाहीत. सरांचं वय झालंय. कोण काय विचारणार?"

"मंग कातरीचं काय होईल?"

"सील निघेल. लाईन चालू होईल."

"त्याच प्रोग्रामवर?"

"तो आपला विषय नाही."

घरी आबांना सांगितलं. ते उठून बाहेर गेले, वाडग्याच्या जागेवर उभं राह्यले, परत आले. "एक गेला. दुसरा तरी ऱ्हाऊ दे. तू गप ऱ्हाय."

मायनं विचारलं, "भारतच्या जागी कोण घेतलाय त्यांनी?"

मी सांगितलं, कचरूचं नाव लागलंय. गुडघा बरा झाला की रुजू होणार.

माय चुलीपुढून उठली न्हाई. "त्यानं माझी कोकरं जाळली," ती म्हणाली. मला वाटलं ती पण गप राह्यला सांगते. चुलीत लाकूड सारत म्हणाली, "त्याची माय मला पाण्यावर भेटती."

तुझा निरोप वकिलाकडून आला. 'गप राहा.' बहीण नसलेल्या माणसानं बहिणीला पाठवलेला निरोप. मी वाचला.

मी गप राहणार न्हाई. ही हत्यारं डॉसवर उतरली आहेत आन ती चालतात. तुला हे आधी माझ्याकडून कळावं म्हणून लिहिलं. तुझी सजा माझ्यामुळं वाढली असं तू म्हणशील. म्हण.

मोनी


जालना, २३ मार्च २०२५

दादा,

काल झालं.

निरीक्षक मॅडम, दोन्ही वकील, अण्णासाहेब, सर. भारतला साक्षीला बोलावलं होतं. तो उषाबाईचा हात धरून आला. डाव्या डोळ्यावर पट्टी, जबडा वाकडा बसलाय, बोलताना थुंकी गळते, ती उषाबाई पदरानं पुसते. मला पाहून तिनं तोंड फिरवलं. आबा माझ्यासोबत आल्ते. मी बोलावलं नव्हतं, स्वतःहून बसमध्ये चढले.

आधी मिलचा प्रोग्राम होता तसा चालवला. कातरीखाली लिंबाच्या लाकडाची बल्ली ठेवली. सळई नव्हतीच, मॅडम म्हणाल्या, फक्त धग दाखवा. जाळीचा दरवाजा सताड उघडला. सगळ्यांना पिवळ्या पट्ट्याच्या मागं उभं केलं, केबिन रिकामी, बटणावर कोणी न्हाई. फिटरनं लांब दांड्यावरून गॅसची ज्योत त्या डोळ्यापुढं धरली.

पातं पडलं. जमीन हादरली. बल्लीचे दोन तुकडे झाले, एक उडून पत्र्यावर आदळला. आबांनी माझा दंड इतका दाबला की साखळीची जखम परत उघडली. त्यांनी करणला पाह्यलं होतं ते गुंडाळलेलं. कसं झालं ते त्यांनी आता पाह्यलं.

मंग भारत खाली बसला, तिथंच, लोखंडाच्या किसात. त्याला बोलायला वेळ लागतो. तो म्हणाला, "दरवाजा मीच उघडल्ता. तुकडा अडकला होता. करण म्हणला, जाऊ का आत? म्या म्हणलं जा, दरवाजा उघडा हाये, काही होत न्हाई."

मॅडमनी विचारलं, "मग?"

"मागची सळई आली."

"तुम्ही काय केलं?"

त्यानं हात पुढं केले. पट्ट्या निघाल्या आहेत. तळव्यांना कातडं न्हाई, गुलाबी, चकचकीत, बोटं पुरती मिटत न्हाईत. लाल सळई करणच्या अंगावर होती. ती त्यानं हातांनी उचलून टाकली आन करणला बाहेर ओढलं. तू गज उचललास तवा त्याला ते हात वर करता आले नसते, दादा. त्यानं केले न्हाईत असं मी जबाबात लिहिलं होतं. आले नसते, असं लिहायला पाहिजे होतं.

मंग माझं काम. सरांनी खुर्ची मला दिली आन स्वतः मागं उभं राह्यले. मूळ फाईली उतरवायला लावल्या. हत्यार त्या दोन दरवाज्यांपाशी थांबलं, मॅडमनी पडदा वाचला, सरांनी समजावलं. 'जुना' बाजूला ठेवला. मेक चालू केला. तो कॉम्प्युटर फार हळू आहे. एकेक ओळ यायची, थांबायची, मेक डिस्कवर जायचा, परत यायचा. एकदा तो परत आला न्हाई असं वाटलं. मिलचा वकील हसला. सर म्हणाले, "थांबा. डिस्क फिरतेय." आला.

नव्या प्रोग्रामवर तीच कातर, दुसरी बल्ली, दरवाजा उघडा. फिटरनं ज्योत धरली. कातर हलली न्हाई. बटण दाबायला लावलं. हलली न्हाई. दरवाजा लावला, ज्योत धरली, पडली. मॅडमनी हे फिटरकडून परत परत करून घेतलं. मला शेवटी शेवटी पाहवेना.

दारात आबा उषाबाईपुढं जाऊन उभे राह्यले. टोपी काढून हातात धरली. उषाबाई म्हणाली, "आबाराव, बाजूला व्हा, त्याला गाडीत बसवायचंय." ते बाजूला झाले.

कचरू बाहेर होता, काठी टेकत. त्यानं सगळं ऐकलं होतं. मला पाहून त्यानं काठी दुसऱ्या हातात घेतली आन वाट दिली.

वकीलसाहेबांनी तुझं वकीलपत्र सोडलं. मी दुसरा पाहून राह्यले.

मोनी


परतूर, १७ ऑगस्ट २०२५

दादा,

तुझं पत्र मिळालं. दीड ओळीचं का असेना, तुझ्या अक्षरातलं आहे.

कोर्टात मी मागच्या बाकावर होते. तू मला पाह्यलंस का न्हाई ते कळलं न्हाई. न्यायाधीशांनी आरोप वाचून विचारलं, गुन्हा कबूल आहे का, आन नवा वकील तुझी बाही ओढत असताना तू म्हणालास, "कबूल हाये. त्याचा काही दोष नव्हता. मी मारलं." त्यांनी तुला दोनदा समजावलं, तरी तेच. सात वर्षं सांगितली तवा आबा उभे होते, ते खाली बसले. माय आली नव्हती. तिला घरी सांगितलं तर तिनं एवढंच विचारलं, तो खरं बोलला का. मी हो म्हणलं.

तू विचारलंस, करण शेवटी काय बोलला ते भारतला विचार.

भारत आता इथं परतूरला आहे, मामाकडं, कापसाच्या बाजारात वजनकाट्यापाशी बसतो. मिलनं करणचे आन त्याचे भरपाईचे पैसे द्यायचे कबूल केले आहेत, ते कधी मिळतील ते मिळोत. मी रेल्वेनं आले. तो मामाच्या घरापुढं बसला होता, मला पाहून उठला न्हाई, पण बस म्हणाला.

"भारतभाऊ, अंगददादानं विचारलंय," मी म्हणलं आन तुझा प्रश्न सांगितला.

तो रस्त्याकडं वळून बसला. मंग म्हणाला, "काही न्हाई बोलला."

"काहीच न्हाई?"

"मिलच्या टेम्पोत मागं घेऊन बसल्तो त्याला. लोकाला वाटतं माणूस जाताना काही बोलतो. तो नुसता माझा शर्ट धरून होता. दवाखान्यात उतरवलं तरी सोडंना. डॉक्टरनं शर्ट कापला."

मी विचारलं, "तुम्ही त्याला काही बोललात?"

"म्या म्हणलं, आबांच्या पाया पडायला येतो. काठी मारली त्याचं. त्याला ऐकू गेलं का न्हाई, माहीत न्हाई."

उषाबाईनं आतून पाण्याचा तांब्या आणून माझ्यापुढं ठेवला आन आत गेली. मी पाणी प्यायले.

निघताना तो म्हणाला, "तुझ्या भावाला सांग, म्या माफ केलं न्हाई. करणार पण न्हाई. सकाळी तोंड धुताना हात डोळ्याच्या खड्ड्यात जातो, तवा रोज त्याचं नाव येतं तोंडात. पण कोर्टात तो जे बोलला ते गावात सगळ्यांनी ऐकलं. माझ्या बापाला आता कोणी मारेकऱ्याचा बाप म्हणत न्हाई. हे पण सांग."

दोन्ही सांगितलं.

स्टेशनवर बसून लिहून राह्यले. मला तुझ्यासाठी काहीतरी बरं लिहिता आलं असतं. करणनं तुझं नाव घेतलं, आबांना सांभाळा म्हणाला, असं काहीही. भारतनं तर मला तेही करू दिलं असतं. पण तो काही बोलला न्हाई, दादा. तो एका माणसाचा शर्ट धरून होता, आन त्या माणसानं त्याला सोडलं न्हाई.

पुढच्या मुलाखतीला मी, आबा आन माय तिघं येणार आहोत. खिडकीपाशी ये.

मोनी